एका बियाण्याला एक हात

कौठवाडी, तालुका जिंतूर
१४ मार्च १९५५

प्रिय वैजीनाथ,

पाकिटावरचा पत्ता मी पोस्टातल्या कारकुनाकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर ओळखलं असतंस तर पत्र न फोडताच चुलीत गेलं असतं, आणि तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. परभणीच्या बोर्डिंगात आपण पाच वर्षं एका ताटात जेवलो, एकमेकांच्या उर्दूच्या वह्या उतरवून मौलवीसाहेबांची छडी खाल्ली, आणि पुढं मीच हट्ट धरून माझी बहीण तुझ्या घरात दिली. त्या तुला पत्र पोचवायला आज मला चोरासारखी युक्ती करावी लागते. पण फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवू नकोस. जे सांगायचंय ते पहिल्या ओळीत सांगण्याइतकी हिंमत माझ्याजवळ नाही, लिहिता लिहिता येईल अशा आशेवर बसलोय.

दैवशालेला तू आमच्या ओट्यावर सोडून गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. ती बरी आहे असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. उजव्या हातानं ती कशालाच शिवत नाही. पीठ मळत नाही, धान्य पाखडत नाही, माझ्या पोरीच्या केसांना तेल लावत नाही. जेवते तेसुद्धा डाव्या हातानं, पदराआड, कुणाला दिसू नये म्हणून. मनकर्णेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा तिचा उजवा हात धरून तिच्यापुढं ताट सरकवलं, तर तिनं ताट उलटं केलं आणि मग ते सांडलेलं अन्न डाव्या हातानंच गोळा करीत बसली. आठ दिवसांमागं दुपारी ती मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवर खालच्या अंगाला बसलेली सापडली. घागर नव्हती, धुणं नव्हतं. मनकर्णेनं तिला ओढून वर आणलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं आळीपाळीनं तिच्यावर नजर ठेवतो आणि नजर ठेवल्याचं तिला कळू देत नाही, पण तिला कळतं. वैजीनाथ, मी घाबरलोय.

तू जाताना म्हणाला होतास ते माझ्या कानातून जात नाही. तू म्हणालास, "हाताचं मला काई न्हाई, सुग्रीव. हात सगळ्यांचेच कधी चुकत्यात. पण ती लपवती. लपवणाऱ्या बाईसंगं कसं नांदावं?" तू पाणी न पिता गाडीत बसलास. त्यानंतरचे बरेच दिवस मी तुला आकड्यांनी पटवायच्या तयारीत घालवले, आणि आकड्यांनीच माझा घात केला. ते कसं झालं हे तुला कळायला हवं, म्हणून थोडं मागं जातो.

भाद्रपदात मनकर्णा हिवतापानं आडवी झाली, तेव्हा मी एक कार्ड टाकल्याबरोबर तू स्वतः दैवशालेला घेऊन आलास. महिनाभर राहू दे म्हणालास. तू आलास त्याच दुपारी मी सरकारी मळ्याच्या कचेरीत पितळी तांब्यात चिठ्ठ्या हलवत बसलो होतो. दारात उभा राहून तू हसलास आणि म्हणालास, "सरकार बी आता कौल लावायलंय का रं?" मी तुला आठ तुकडे दाखवले. पाच-पाच गुंठ्यांचे, एका रांगेत, विहिरीपासून ओढ्यापर्यंत. चार तुकड्यांत आपला गावरान शाळू आणि चार तुकड्यांत हैदराबादच्या साहेबांनी पाठवलेलं नवं बी. कोणत्या तुकड्यात काय पेरायचं ते मी ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरवायचं, असा साहेबांचा सक्त हुकूम होता. तुला त्याचं नवल वाटलं. मी म्हणालो, भावाभावांच्या वाटणीत चिठ्ठ्या कशाला टाकतात? थोरल्यानं वाटण्या केल्या आणि थोरल्यानंच उचलल्या तर विहिरीजवळचं रान कुणाकडं जाईल? इथं मी थोरला. नवं बी नामी निघावं असं मला मनातून वाटणारच, कारण ते नामी निघालं तर माझी नोकरी कायम होणार. मग माझा हात नकळत काळ्या रानाकडं वळणार. चिठ्ठीला नोकरी नसते. तुला ते फार पटलं. आपल्या चुलत्यांच्या वाटणीत असला साहेब असता तर बरं झालं असतं, असंही तू म्हणालास.

चिठ्ठ्या मी इमानानं काढल्या. तुझ्यादेखतच काढल्या. विहिरीजवळचा तुकडा गावरान शाळवाला गेला आणि ओढ्याकडचा खडकाळ तुकडा नव्या बियाण्याला, तेव्हा माझं तोंड उतरलं आणि तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. दुसऱ्या दिवशी तू पाथरीकडं निघून गेलास. त्यानंतर जे झालं ते तू पाहिलं नाहीस.

उत्तरेचा पाऊस उघडला, रानाला वाफसा आला, आणि पेरणीचा दिवस धरला. तिफण बैल ओढणार, मागून बाई चालणार आणि चाड्यात मुठीनं बी सोडत जाणार. हे तुला सांगायला नको, पण साहेबांना सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही. त्यांच्या कागदावर रान होतं, बियाणं होतं, अंतर होतं, तारीख होती. मूठ कुणाची हे विचारायला रकानाच नव्हता. आपल्याकडं एका हातानं एका दिवशी दोन बियाणी पेरत नाहीत. तानुबाई सकाळी येऊन उभी राहिली तीच हे सांगत, "एका बियाला एक हात, साहेब. दोन केले की बी बाटतंय." तानुबाई म्हणजे साऱ्या शिवारात नावाजलेली मूठ. तिच्या पाभरीतलं रोप सुतळी धरून लावल्यासारखं उगवतं, लोक चार दिवस आधी तिला सांगून ठेवतात. म्हणजे मला दोन बाया लागणार होत्या, आणि कोणत्या बाईला कोणतं बी हे ठरवायचं होतं. तिथं चिठ्ठी टाकायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. साहेबांचं बी महाग, मोजून आलेलं, ते सांडू नये म्हणून मी तानुबाईच्या ओटीत घातलं. तसं मी स्वतःला सांगितलं. चिठ्ठ्यांनी माझा जमिनीतला लोभ काढला होता, तो हातात राहिला. गावरान शाळवाला कडूबाई यायची होती. तिच्या घरी सुतक पडलं, ती आली नाही, आणि ते चार तुकडे दैवशालेनं पेरले.

पुढचं तुला माहीत आहे, पण वजनं माहीत नसतील. खळ्यावर सगळ्या गावासमोर तराजू लावला. तानुबाईचे चार तुकडे एक्कावन्न शेर, सत्तेचाळीस, शेहेचाळीस आणि चव्वेचाळीस. दैवशालेचे अडतीस, पस्तीस, तेहतीस आणि तीस. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मला आनंद झाला होता, तो मी लपवत नाही. माझं सगळं लक्ष बियाण्याच्या नावाकडं होतं. गावाचं लक्ष हाताकडं होतं. कुणीतरी म्हणालं, बांधापलीकडं आमच्या रानात हाच गावरान शाळू, हेच पाणी, तो तर झकास आला, मग सरकारी मळ्यातच कसा मेला? तानुबाई म्हणाली, "बी काय करंल बापा, मूठ पडली न्हाई." ती वाईट मनानं बोलली नाही, ती कामाचं बोलली. पण चारठाण्याच्या बाजारात ते गेलं तेव्हा मूठ पडली नाही याचं हाताला बरकत नाही असं झालं, आणि पाथरीला पोचेपर्यंत त्याला आणखी चार पाय फुटले. तुझ्या आईंनी, कस्तुराबाईंनी, बोटांवर मागं दिवस मोजले आणि तिला विचारलं, पेरणीच्या दिवशी तुला कावळा शिवला होता का? ती हो म्हणाली. कुणाला सांगितलं होतंस? कुणाला नाही, मीच लपवलं, असं ती म्हणाली. यंदा तुझ्या स्वतःच्या शाळवावर काणी पडली, काळी कणसं निघाली, त्याचाही दोर मग तिच्याच गळ्यात आला. जी भावाच्या मळ्यात लपवते ती नवऱ्याच्या रानात लपवणार नाही कशावरून? आईंचं हे बोलणं तुला तोडता आलं नाही, हे मला समजतं.

तू गेल्यावर मला वाटलं, हे सगळं नुसत्या योगायोगाचं असेल तर? चार तुकडे हलके निघाले खरे, पण आठांतले कुठले तरी चार हलके निघणारच. ते दैवशालेच्या वाट्याला आले असतील. मग हात नाही, विटाळ नाही, काही नाही, नशीब फक्त. हे जर मी तुला दाखवू शकलो तर तू मानशील, कारण तू हिशेबाला मानणारा आहेस. ते बघायची रीत साहेबांनीच पत्रातून शिकवली होती. आठ वजनं आठ चिठ्ठ्यांवर लिहायची. बियाण्याचं नाव लिहायचं नाही, हाताचं नाही. समजा की नावांना काही अर्थच नाही. मग तांब्या हलवायचा, चार चिठ्ठ्या काढायच्या, आणि काढलेल्या चार व राहिलेल्या चार यांत किती फरक पडतो ते लिहून ठेवायचं. पुन्हा सगळ्या आत टाकायच्या, पुन्हा हलवायचं. असं पुष्कळ वेळा केल्यावर पाहायचं, की नुसत्या हलवण्यानं खळ्यावर दिसला तेवढा फरक किती वेळा पडला. वरचेवर पडत असेल तर खळ्यावरचंही नशीबच होतं असं म्हणायला जागा आहे. क्वचितच पडत असेल तर नशिबावर ढकलता येत नाही.

मी सुट्टीच्या दिवशी सकाळी ओट्यावर बसलो. तांब्या हलवला, काढल्या, लिहिलं. शंभर वेळा झालं. सव्वा तास गेला असेल. तसा फरक एकदाच पडला. मी म्हटलं, अजून करू. दोनशे झाले. दुपारचं जेवण राहिलं. अडीचशे, तीनशे. बोटांची साल निघाली. मला शरम वाटते सांगायला, पण मी त्या चिठ्ठ्यांशी भांडत होतो. चारही हलक्या चिठ्ठ्या एकत्र याव्यात म्हणून जरा जास्त हलवत होतो. साडेतीनशे वेळा केलं, आणि दैवशालेच्या विरुद्ध गेलेला तो फरक साडेतीनशेंत चार वेळा आला. मग कागदावर हिशेब केला. आठांतून चार उचलायच्या रीती सत्तर होतात, आणि त्यांतल्या एकाच रीतीत चारही हलकी वजनं तिच्या ओटीत पडतात. सत्तरांत एक. साहेबांचंही उत्तर तेच आलं होतं, फक्त त्यांनी ते आनंदानं लिहिलं होतं. योगायोग म्हणून हे सोडता येत नाही, नवं बी सिद्ध झालं, येत्या हंगामात तालुक्याला वाटू, आणि तुमच्या कायम होण्याची शिफारस धाडली आहे.

दैवशाला दिवसभर उंबऱ्याच्या आत बसून बघत होती हे मला नंतर कळलं. संध्याकाळी मी तांब्या बाजूला ठेवला तेव्हा तिनं विचारलं, "दादा, काय म्हणायल्यात चिठ्ठ्या?" मी गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. मी तिला सत्तरांत एक म्हणजे काय ते समजावून सांगितलं, मास्तरासारखं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मंग ती एक मीच की." आणि आत जाऊन पडली. तिला वाचवायला काढलेली रीत मी तिच्याच गळ्याला लावली. विहिरीचं झालं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आता नीट ऐक. त्या सत्तरांत एकाचा अर्थ एवढाच की कशामुळं तरी फरक पडला. कशामुळं ते चिठ्ठ्या सांगत नाहीत. बियाण्यामुळं असेल तर साहेब खरे. हातामुळं असेल तर गाव खरं. प्रत्येक नव्या बियाण्यामागं तानुबाई आणि प्रत्येक जुन्यामागं दैवशाला अशी गाठ मी स्वतः बांधली. आता ती कितीही हलवली तरी सुटत नाही. तांब्यात चिठ्ठ्या चारशे वेळा हलवा की चार हजार वेळा, पेरणीच्या सकाळी जे बांधलं गेलं ते तसंच बाहेर येणार. मी एवढा शिकून ही चूक केली, आणि तुझ्या आईंनी न शिकता ती बरोबर पकडली.

मग मी रानात गेलो. धसकटं अजून उभी आहेत. मी काठी घेऊन हातावर हात मोजत आठही तुकडे पालथे घातले. तानुबाईच्या ओळीत वीत-वीत अंतरावर एकेक धसकट. दैवशालेच्या ओळीत एका जागी सहा-सात दाटून, आणि पुढं हात-दोन हात नुसती माती. दाट जागी कणसं बारीक, मोकळ्या जागी काहीच नाही. एवढंच झालं आहे, वैजीनाथ. मूठ एकसारखी सुटली नाही. तुमच्याकडच्या हलक्या रानात तिनं पेरलंय, पण असल्या चिकण काळ्या रानात तिफणीच्या चालीनं चालायची तिला सवय नाही. तिथं मी पेरलं असतं तर तीस शेरसुद्धा झालं नसतं. म्हणजे चूक हाताची आहे, पण ती भाकरी करपण्यासारखी आहे. त्यात देव नाही, विटाळ नाही. हे सिद्ध करायला माझ्याजवळ धसकटांशिवाय काही नाही, आणि नांगरट झाली की तीही जातील. तुझ्या शाळवावरची काणी तर बियाण्यातून येते. गंधक चोळून पेरायला मी तुला दोन वर्षं सांगतोय आणि तू दोन वर्षं हसण्यावारी नेतोयस. तो राग आता नको.

पण यात माझी कशी कोंडी झाली ते बघ. मी गप्प बसलो तर सरकारी कागदावर दैवशाला निर्दोष राहते, कारण कागद म्हणतो की जुनं बीच हलकं. माझी नोकरीही कायम होते. फक्त जूनच्या पुढं साऱ्या तालुक्याच्या रानात असं बी जाणार, की जे आपल्या शाळवापेक्षा बरं आहे का वाईट हे मलाच ठाऊक नाही. आणि खरं लिहिलं तर माझ्या बहिणीच्या हातानं पीक गेलं असं मीच सहीनिशी लिहून दिल्यासारखं होतं. आठ दिवस मी याच्यावर झोप घालवली. आज सकाळी साहेबांना लिहून पत्र पोस्टात टाकलं. प्रयोग बाद धरावा, पेरणारा हात आणि बियाणं एकत्र बांधलं गेलं, चूक सर्वस्वी माझी, पुन्हा करायचा तर हातांच्याही चिठ्ठ्या टाकाव्या, असं लिहिलं. तिचं नाव लिहिलं नाही. नोकरी आता राहील असं वाटत नाही. हे तुला उपकार म्हणून सांगत नाही. हे पत्र नोकरी वाचवायला लिहिलेलं नाही एवढंच तुला कळावं.

तुझे किशनरावमामा तुझ्यासाठी सेलूकडचं स्थळ बघून आले आणि पाडव्यानंतर बोलणी करायची आहेत, हे मला चारठाण्यातच कळलं. दैवशालेला मी ते सांगितलेलं नाही. तिला कुणी ना कुणी सांगेलच, आणि ते तिच्या कानावर पडेल तेव्हा आम्ही दोघांपैकी कुणी जवळ असू की नाही, कुणास ठाऊक.

इतकं लिहून झालं आणि खरं काम अजून राहिलंच आहे. कडूबाई येत नाही हा निरोप आला तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. बैल जुंपलेले, ऊन तापायला लागलेलं, वाफसा दुपारपर्यंत टिकेल की नाही अशी अवस्था. मी धावत घरी गेलो. मनकर्णा तापात पडलेली. दैवशाला मागच्या दारी उभी होती. मी म्हणालो, चल, चाड्याला मूठ धरायचीय. ती म्हणाली, "दादा, मी आत्ताच बाजूला झाले. मला नका लावू बियाला." तिनं सांगितलं, वैजीनाथ. स्पष्ट सांगितलं, दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा तर माझ्या पाया पडून सांगितलं. मी तिला अडाणी म्हणालो. जमिनीला काय कळतं म्हणालो. ती रडायला लागली तेव्हा मी म्हणालो, आजची पेरणी बुडाली तर माझी नोकरी जाईल, आणि तुला भावाचं काही वाटत नाही. पोटात कळा येत होत्या तिच्या, ओळीच्या टोकाला वळताना ती पोट धरून थांबायची, हे मी बांधावरून बघत होतो, आणि थांब म्हणालो नाही. दाणे त्या हातून एकसारखे कसे सुटणार होते? संध्याकाळी मला भीती वाटली की गावात कळलं तर लोक मळ्यात कामाला येणार नाहीत. म्हणून मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही, वैजीनाथलाही नाही. तिनं तुझ्यापासून लपवलं ते ह्या शपथेपायी. आईंनी विचारल्यावर सगळं स्वतःवर घेतलं तेही त्यापायीच, कारण शपथ मोडली तर भाऊ मरतो असं ती मानते. तू आमच्या ओट्यावर उभा राहून ती लपवते म्हणालास तेव्हा मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो, आणि तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं. काल मी तिला म्हणालो, शपथ सुटली, आता वैजीनाथला सगळं सांग, मी तुला घेऊन जातो. तिनं मान हलवली. मी फार विनवल्यावर एवढंच म्हणाली, "का लपवलं म्हून त्येंनी मला एकदा बी इचारलं न्हाई, दादा." माझी सजा तू ठरव, ती मी भोगीन. पण पाडव्याच्या आधी ये, आणि तिला विचार.

तुझाच गुन्हेगार,
सुग्रीव